कम्प्युटरचं कपाळ

सेलूला आमचं घर आणि दुकान एकाच छपराखाली होतं. मधे एक दार, तेही कधी लागलेलं मी पाहिलं नाही. दाराच्या अलीकडे आईचा स्वयंपाक आणि पलीकडे बाबांचं कृषी केंद्र. खताची पोती, बियाण्यांच्या रंगीत पिशव्या, फवारणीच्या औषधांचं काचेचं कपाट. फोडणीचा वास तिकडे जायचा, खताचा इकडे यायचा, आणि आम्हाला दोन्ही वास येईनासे झाले होते. वर्ध्याला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारी बसलेल्या शुभांगीने माझा डबा उघडल्यावर नाक वर करून विचारलं, "काय गं, तुमच्याकडे भाजीत काय घालतात?" अंबाडीची भाजी होती, वरून लसणाचं तेल सोडलेली. मी भाकरीचा एक तुकडा तिच्या हातात दिला. तिने अर्धा डबा संपवला, आणि ती माझी मैत्रीण झाली ती आजपर्यंत आहे.

उन्हाळ्यात आमच्या घराला एकच आवाज असायचा, कूलरचा. पत्र्याचा जुना कूलर, त्याचा पंखा एका बाजूला घासायचा. त्या खडखडाटात सगळे ओरडूनच बोलायचे. भांडण चाललंय की जेवायला बोलावताहेत, हे बाहेरच्याला कळायचं नाही. वीज गेली की कूलर थांबायचा आणि दुकानातून यूपीएसचं टीं-टीं सुरू व्हायचं. हमाल खताची पोती उतरवायला लागले की फरशीतून धप्प धप्प पायात यायचं. या सगळ्यात आवाज न चढवणारं माणूस एकच, बाबा. ते कूलर चालू असतानाही हळूच बोलायचे, त्यामुळे ते बोलायला लागले की बाकीच्यांना गप्प बसावं लागायचं. ही त्यांची युक्ती होती की स्वभाव, हे मला कधी उमगलं नाही.

सकाळ मात्र बाबांचीच. आंघोळ करून, ओल्या केसांनी ते शटर अर्धं वर करायचे. उंबऱ्यावर पाणी शिंपडायचे, उदबत्ती लावायचे, मग तळहातावर कुंकू घेऊन त्यात पाणी घालून ते बोटाने चांगलं पातळ कालवायचे. पहिलं बोट लक्ष्मीच्या फोटोला, मग गल्ल्याला, मग वजनकाट्याला आणि शेवटी कम्प्युटरला. कम्प्युटरसाठी त्यांनी सुताराकडून काउंटरच्या पोटात प्लायवूडचा खण करून घेतला होता. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून मागची बाजू खिळे मारून बंद केलेली, फक्त डब्याचं तोंड बाहेर. त्या तोंडावर हिरवा दिवा लुकलुकायचा. दिव्याखालची जागा हे त्याचं कपाळ, असं बाबांनी आल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला कुंकवावर तांदळाचे दाणे चिकटायचे. हे कुंकू कोणी पुसायचं नाही. "देवाचं कुकू आपण पुसू नाई, ते आपलं जाते," असं बाबा म्हणायचे. त्यामुळे काटा काय, गल्ला काय, सगळ्यांना लाल खपल्या धरलेल्या. कोणी नवीन हमाल आला आणि त्याने फडकं मारलं तर आईच त्याच्यावर धावून जायची.

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. हे मी दर वेळी सांगते, आणि पुढेही सांगणार आहे. बाबा सातवी, आई तिसरी, काका दहावीत दोनदा बसलेले. माझी बी.एस्सी.ची पदवी बाबांनी काचेच्या चौकटीत बसवून दुकानात परवान्याच्या शेजारी टांगली होती, आणि बियाणं घ्यायला आलेल्या माणसाला ते ती वाचून दाखवायला सांगायचे. "वाचा ना, काय लिवलं हाय. कम्प्युटरची हाय ते डिग्री." माणूस बिचारा तुरीचं बी घ्यायला आलेला असायचा. आज मुलांना मी सांगते की त्या डिग्रीत मी काय शिकले होते, तर ती हसतात. 'बूटिंग म्हणजे काय' या प्रश्नाचं उत्तर मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. पण लॅबमध्ये पेनड्राइव्ह न्यायची मनाई होती, कम्प्युटर बिघडला तर सर कोणाला तरी बोलवायचे आणि आम्हाला बाहेर उभं करायचे. झाकण उघडलेला कम्प्युटर मी पदवी मिळेपर्यंत पाहिला नव्हता.

मे संपत आला होता. पेरणीच्या तोंडावरचे दिवस, गिऱ्हाइकांची रांग लागायची वेळ. एका सकाळी बाबांनी कुंकू लावून बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन थांबली. बाबांनी आत हाक मारली.

"पाय वं माय, हे काय म्हणून राह्यलं?"

मी वाचलं. सुरू होण्यासाठी लागणारी फाइल सापडत नाही, असं ते म्हणत होतं. बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा तेच. वर्ध्याच्या कम्प्युटरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, मशीन घेऊन या, हातात कामं पुष्कळ आहेत, मग पाहू. त्या दिवशी बाबांनी बिलं हाताने लिहिली आणि दर माणसाला सांगितलं, "पोरगी हाय घरी शिकलेली. होईन."

दुपारी काका जेवायला आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. घर मागच्या गल्लीत, शेती तेच पाहायचे आणि दुकानातही त्यांचा शब्द चालायचा. आईने बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला होता, तिखट, डोळ्यांतून पाणी काढणारा. काकांनी भाकरी चुरली आणि विषय काढला.

"दादा, मी काय म्हणतो. विनोदले बोलावून घेऊ. त्याच्यापाशी सोताचा लॅपटॉप हाय. हिंगणघाटले कम्प्युटरच्याच दुकानात हाय तो, त्याले सारं मालूम हाय. तो बसन इथं, तुमच्या डोक्याले बी ताप नाई."

विनोद म्हणजे काकूचा भाऊ. मी वाढता वाढता थांबले.

"मी बसतो ना दुकानात," मी म्हणाले. आमच्याकडे बाया 'जातो, करतो' असंच बोलतात. कॉलेजात मी 'जाते, करते' शिकले, पण घरात जीभ आपली जुन्या वळणावर.

काका हसले. "तू? अवं, ड्रायव्हर येतेत, हमाल येतेत, पिऊन आलेले येतेत. पोरीची जात तू. अन् पह्यले त्या डब्ब्याले त उठव, मंग दुकानाचं पाहू."

शिकलेल्या मुली नागपूरला नोकरी धरायच्या, मला ती नको होती. हे तेव्हा कोणाला पटलं नसतं, शुभांगीलाही पटत नव्हतं. मला ते दुकान हवं होतं. कोणत्या गावाची जमीन भारी, कोण कोणतं वाण नेतो, कोणाला सांगितल्याशिवाय औषधाचं प्रमाण कळत नाही, हे मला शाळेत असल्यापासून पाठ होतं. दारात उभं राहून ऐकलेलं सगळं. पण दाराच्या पलीकडे, काउंटरमागच्या खुर्चीत, आमच्या घरची बाई कधी बसली नव्हती. बसायचं नाही असं कोणी म्हटलेलंही नव्हतं.

बाबांनी रश्श्याची वाटी तोंडाला लावून संपवली. मग त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "विनोदले शनवारी येऊ द्या. तोवर हिनं मशीन उठवली त हे बसन. नाई उठली त तो बसन." कूलर खडखडत होता, तरी आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं.

कम्प्युटर घेतला तेव्हा त्याच्यासोबत आलेली सीडी कपाटात होती. पण सीडीचा कप्पा कधीचा अडकलेला, बटण दाबलं की कण्हायचा आणि उघडायचा नाही. म्हणजे पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायची, एवढं मला समजत होतं. सीडी घेऊन मी एसटीने वर्ध्याला गेले, तिथून ऑटोने पिपरी मेघेला शुभांगीच्या घरी. तिचा लॅपटॉप उघडला, सीडीतलं सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं आणि तिने केलेला चहाही न घेता परतीची गाडी धरली. पेनड्राइव्ह रुमालात बांधून आणला होता. दुकानात बाबा, आई, काका, दोन हमाल, सगळे उभे. कम्प्युटरच्या पुढच्या बाजूला, दिव्याखाली, दोन बारक्या फटी होत्या. आजवर त्यांत कोणी काही घातलं नव्हतं, बाहेरचं काही लावलं तर मशीनला रोग होतो हे बाबांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यांतल्या एकीत मी पेनड्राइव्ह घातला आणि बटण दाबलं. काळा पडदा. पांढरी अक्षरं.

"तीन वर्स शिकली," काका म्हणाले, "अन् एक काडी घुसवता येत नाई."

शुभांगीला फोन केला. "अगं येडे, नुसतं कॉपी नसतं करायचं," ती म्हणाली. "त्याला बूटेबल करावं लागतं. त्याचं वेगळं सॉफ्टवेअर असतं. आपण आकृती नव्हती का काढली?" काढली होती. आकृतीत हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पिपरी मेघे. या वेळी आम्ही दोघींनी नीट वाचून पेनड्राइव्ह बूटेबल केला. शुभांगीने तो स्वतःच्याच लॅपटॉपला लावून पाहिला, निळा पडदा आला, भाषा कोणती हवी ते विचारायला लागला. आम्ही दोघी टाळ्या पिटत ओरडलो आणि लगेच तो बंद केला, तिचाच लॅपटॉप पुसला जाईल या भीतीने. मी सेलूला आले, बटण दाबलं, सुरू होतानाच एक बटण दाबून मशीनला सांगावं लागतं की आज आतल्या डिस्कवरून उठू नको, पेनड्राइव्हवरून उठ, तेही सांगितलं. तर मशीनच्या यादीत पेनड्राइव्हचं नावच नाही. पुन्हा केलं, तर नाव आलं. निळा पडदा आला, आईने हात जोडले, हिरवी पट्टी पुढे सरकायला लागली, निम्म्यावर जाऊन थांबली आणि इंग्रजीत वाक्य आलं की एक फाइल खराब आहे किंवा हरवली आहे.

आता मशीन म्हणते फाइल खराब, तर मी फाइलवर विश्वास का ठेवू? मी सीडीवर संशय घेतला. सीडीवर चरे होते. टूथपेस्ट चोळून सीडी पुसली की चरे जातात असं हॉस्टेलच्या मुली करायच्या, तेही केलं. पुन्हा पिपरी मेघे, पुन्हा पेनड्राइव्ह. या वेळी पट्टी आणखी अलीकडेच थांबली. मग पेनड्राइव्हवर संशय घेतला, वर्ध्यातून नवा विकत घेतला. तो तर मशीनला दिसेचना. रागाने मी तो फट्‍कन ओढला आणि पुन्हा खुपसला, तर दिसला, आणि पट्टी जुन्या पेनड्राइव्हपेक्षा पुढे गेली. आता यातून मी काय समजायचं? रागावलं की चालतं? मी रागावून पाहिलं. प्रेमानेही घालून पाहिला. कधी तो सकाळी अजिबात ओळख द्यायचा नाही आणि संध्याकाळी जरा तरी ऐकायचा. संध्याकाळी काय बदलतं? ऊन उतरतं. मग ऊन कारण असेल. मी आईला तसं बोलले, आणि आईने लगेच एक कांदा आणून कम्प्युटरवर ठेवला. आमच्याकडे उन्हात जाताना खिशात कांदा ठेवतात, लू लागत नाही.

"आई, ते मशीन हाय."

"मंग? दिवसभर गरम होऊन राह्यली ना बिचारी? राहू दे. काही बिघडत नाई कांद्यानं."

मी कांदा राहू दिला. तेव्हा मी इतकी गोंधळले होते की कांद्याविरुद्ध माझ्याकडे काही मुद्दा नव्हता.

शुभांगीच्या घरी पेनड्राइव्ह दर वेळी मुकाट चालायचा. "माझ्याकडे आला की शहाण्या बाळासारखा वागतो," ती म्हणायची, "तुझ्या बाबांना घाबरतो का गं?" मी हसले नाही. एसटीत बसून मी खिडकीच्या गरम दांडीला डोकं टेकायचे आणि पुन्हा पुन्हा तेच मांडायचे. सीडी चांगली. पेनड्राइव्ह चांगला, दोन्ही चांगले. केलेलं काम बरोबर, कारण तिकडे चालतं. मशीनही अगदी मेलेली नाही, कारण कधी कधी चालते. सगळं बरोबर आहे तर चूक काय आहे? कॉलेजात प्रश्न यायचा तेव्हा उत्तर कुठेतरी छापलेलं असायचं. इथे छापलेलं वाक्य खोटं बोलत होतं आणि मी त्याच्यामागे वर्ध्याला हेलपाटे घालत होते.

आणि बाबा? बाबा हाताने बिलं लिहीत राहिले. फक्त त्यांची सकाळची पूजा लांबली. मशीन आजारी होती म्हणून ते तिला जास्त कुंकू लावायला लागले, बोट टेकवून, डोळे मिटून, चांगलं दाबून. वर तांदळाचे दाणे. लिहून लिहून त्यांची बोटं निळी झालेली असायची. ती निळी बोटं लाल कुंकवात बुडताना पाहून मला भरून यायचं. मीही मनातल्या मनात हात जोडायचे, खोटं कशाला सांगू.

शनिवार उजाडला. विनोद संध्याकाळी येणार होता. सकाळी बाबांची पूजा झाली आणि मी लागले, तर पेनड्राइव्ह कोणत्याच फटीत ओळख देईना. उपसून काढला आणि या वेळी त्याचं टोक ओढणीला पुसलं. ओढणी पांढरी होती. तिच्यावर एक लाल रेघ उठली.

मला आधी वाटलं बोट कापलं. दहाही बोटं पाहिली. मग वाटलं गंज. गंज इतका लाल नसतो. मी मोबाइलचा दिवा लावून खाली वाकले आणि त्या फटींत पाहिलं. आत लाल चिखल होता. काही वाळून दगड झालेला, काही आज सकाळचा, ओला. एका फटीत, पितळी पट्ट्यांच्या मधोमध, तांदळाचा एक दाणा आडवा बसला होता.

मी तिथेच पोत्याला टेकून बसले. खरं तर उड्या मारायला हव्या होत्या. आज विचार करते तर मागची फळी उचकटली असती तरी काम झालं असतं, मागे पेनड्राइव्ह लावायच्या आणखी जागा होत्या, पण एवढ्या दिवसांत ते सुचलं नाही आणि तेव्हाही सुचलं नाही. मुळातली फाइल विजेच्या ये-जा करण्याने गेली असेल, पण तेव्हा एकच दिसत होतं. बाबा जितकी प्रार्थना करत होते तितकी मशीन बुजत होती. सकाळी का चालत नाही आणि संध्याकाळी वाळल्यावर का थोडं ऐकते, तेही आता कळलं. हे बाबांना कसं सांगायचं? मी घरात फाडकन बोलणारी म्हणून प्रसिद्ध. काकांना तोंडावर बोलले आहे, पाहायला आलेल्या एका मुलाला तोंडावर बोलले आहे. पण "बाबा, तुमच्या कुंकवानं मशीन अडली" हे वाक्य मी तोंडात फिरवून पाहिलं आणि ते बाहेर येईना. आणि काकांना कळलं असतं तर? बाजारच्या दिवशी त्यांनी सगळ्या सेलूला सांगितलं असतं.

बाबा जेवून दुपारी आतल्या खोलीत आडवे व्हायचे, तोपर्यंत मी थांबले. मशीनची वायर काढली. जुना टूथब्रश, आगकाडी आणि प्रिंटर पुसायचं स्पिरिट घेऊन फरशीवर पालथी पडले आणि कोरायला लागले. बाहेरचं कुंकू न पुसता आतलंच काढायचं असं ठरवलं होतं, पण स्पिरिट ओघळलं आणि ती वर्षानुवर्षांची खपली विरघळून माझ्या मनगटापर्यंत आली. तांदळाचा दाणा आगकाडीने बाहेर ओढत होते तेव्हा मला पाय दिसले. बाबांचे.

"काय करून राह्यली?"

"धूळ," मी म्हणाले. "धूळ गेलती बाबा आत. साफ करून राह्यलो."

ते उभेच राहिले. माझा हात मनगटापर्यंत लाल, ब्रश लाल, फरशीवर लाल थेंब. मी वर पाहिलं नाही. मग पाय फिरले आणि मागच्या अंगणातल्या नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. ते हात धूत होते की नुसतेच उभे होते, हे मी पाहायला गेले नाही.

वायर लावली, पेनड्राइव्ह घातला, बटण दाबलं. निळा पडदा आला. पट्टी निघाली आणि थांबली नाही. आईने मधे येऊन कैरीचं पन्हं हातात दिलं आणि ते मी संपवलं, हे आठवतं, कारण रिकाम्या पेल्यावर लाल बोटं उमटली होती. मशीन स्वतःहून बंद झाली, स्वतःहून उठली, आणि तिने पडद्यावर विचारलं की या कम्प्युटरला नाव काय द्यायचं. मी बाबांचं नाव घातलं. बाबा केव्हा मागे येऊन उभे राहिले होते मला कळलं नाही. त्यांनी आपलं नाव इंग्रजीत एक एक अक्षर लावून वाचलं, आणि दाराशी गेले, कारण काका आणि विनोद आले होते.

विनोद भला माणूस होता, उगाच वाईट कशाला बोलू. इस्त्रीचा शर्ट, पाठीवर लॅपटॉपची बॅग, आईला वाकून नमस्कार केला. त्यांच्या मागोमाग एक शेतकरी आत आला आणि तुरीचं बी मागून काउंटरपाशी उभा राहिला. काकांनी चालू पडद्याकडे पाहिलं.

"अरे बाप्पा! उठली का? काय झालतं तिले?"

"धूळ होती काका," मी म्हणाले. "पुढच्या फटीत."

"धूळ?" काका मोठ्याने हसले. "आठवडाभर वर्ध्याच्या चकरा, अन् निघाली धूळ? फुकर मारली असती त काम झालं असतं. नाई, चांगलं केलं, मी काय म्हणतो, उठवली ते चांगलंच केलं. पण दादा, हे रोजचं लफडं हाय. धुळीले आठवडा लागते त मोठं काही झालं त? बसाले आपला विनोदच..."

"धूळ नव्हती," बाबा म्हणाले.

कूलर खडखडत होता. काका थांबले.

"कुकू होतं. रोज मीच घालत होतो त्याच्या तोंडात. दाणे बी माह्येच. हिनं काढलं." बाबांनी माझ्या हाताकडे बोट केलं. मी हात मागे घेतला. "अन् मी इचारलं त मले बी धूळच सांगते."

काकांचं तोंड उघडं होतं. ते हसतील असं मला वाटलं, पण दादा स्वतःच्या तोंडाने असं बोलल्यावर त्यांना हसायला जागा राहिली नाही. शेतकरी कधी कम्प्युटरकडे, कधी माझ्या लाल हाताकडे पाहत होता. त्याला काय समजलं असेल देव जाणे.

"विनोदरावले चहा ठेवा," बाबा आत बघून म्हणाले. "अन् पातोडी हाय त वाढा. गाडीले टाइम हाय अजून त्यायच्या." मग त्यांनी काउंटरवरचा आपला चष्मा उचलला, खुर्चीवरचा टॉवेल उचलला, आणि जाऊन युरियाच्या पोत्यांवर बसले. मला म्हणाले, "बस."

मी तशीच बसले, न धुतलेल्या हातांनी. तुरीच्या पिशवीला लाल बोटं लागली आणि त्या माणसाने ती डोक्याला लावून नेली, शुभ समजून असेल.

त्या खुर्चीत मी आजही बसते. आता मशीन वेगळी, खण वेगळा. तेव्हापासून बाबा कम्प्युटरला लांबूनच हात जोडायचे आणि मला ते बघवायचं नाही, म्हणून मी त्या वेळी आत काहीतरी काम काढायचे. पण एक कोडं माझ्यापुरतं तसंच राहिलं. बाबांनी मला खुर्ची दिली ती मशीन उठवली म्हणून, की त्यांच्यासाठी खोटं बोलले म्हणून, की माझ्या खोट्याच्या रागात सगळ्यांसमोर खरं बोलून बसले म्हणून? मी आयुष्यभर स्पष्ट बोलण्याचा तोरा मिरवला, आणि माझी जागा मला मिळाली त्या दिवशी मी दोन वेळा धूळ धूळ म्हणत होते. ते थकल्यावर, अंगणात खाटेवर पडलेले असताना, मी एकदा सरळ विचारलं. "बाबा, त्या दिवशी मले काऊन बसवलं तुमी?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"गिऱ्हाईक उभं होतं ना माय," ते म्हणाले. "कोणी त बसाले पायजे होतं."